कधीच न भरणारा खड्डा

त्यांना सगळे मीठवाले म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. बोअरच्या पाण्यात नायट्रेट होतं. हे मोठं लबाड दुखणं; दिसत नाही, वास येत नाही आणि उकळलं तर उलट वाढतं. ते काढायच्या प्लँटवर मीठवाले अकरा वर्षं एकटे होते. उंच टाकीत बारीक पिवळे मणी, पाणी त्यांच्यातून गेलं की नायट्रेट मण्यांना चिकटतं. रोज दुपारी मिठाच्या पाण्याने मणी धुवायचे आणि ते धुवण मागच्या खड्ड्यात सोडायचं. खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर, वर रणरणतं ऊन. पाणी उडून जाई. हा खड्डा एकदाही भरला नव्हता, आणि मीठवाले आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवत. "ऊन बिनपगारी राबतंय बघा," म्हणत.

बोअरच्या पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा मात्र चढत चालला होता. नव्वदचा एकशे चाळीस झाला. मीठवाले त्याचं खापर शेतातल्या खतांवर फोडत, आणि खतंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. नळाला येणारं शुद्ध पाणी पन्नासच्या आत लागतं. तेही आता सत्तेचाळीसवर आलं होतं, महिन्याला एकेक चढत.

घरात दीड महिन्याची नात होती. लेकीला दूध उतरलं नाही, म्हणून बाटली आणि डब्यातली पावडर. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने होईतो पन्नासच्या वरचं पाणी पोटात जायला नको, ओठ निळे पडतात, श्वास पुरत नाही. मीठवाल्यांनी बोटं मोजली. पन्नास गाठायला तीन महिने, आणि पोरीचे सहा भरायला साडेचार. दुसरं पाणी आणावं म्हटलं, तर जारवाला जार भरायचा तो ह्याच नळावर.

त्या दिवशी लेक नातीला खांद्यावर टाकून कॅन घेऊन आली. उन्हातून आल्यामुळे बोअरच्या कच्च्या, शुद्ध न केलेल्या पाण्याच्या नळावर तिने चूळ भरली.

"बाबा, हे पाणी हल्ली खारट लागतं."

"खारट कसं लागेल?"

"तुमच्या मिठासारखं."

ती सहज बोलून गेली, पण मीठवाले जागचे उठले. पंचक्रोशीत मीठ ओतणारे ते एकटेच. ते तसेच मागे गेले आणि खड्ड्यात उतरले. पाणी उन्हाने उडालं असेल, पण मीठ कुठे उडतं? अकरा वर्षांची पोती ओतली, तळाला थर मात्र बोटभरही नाही. त्यांनी तो नखाने खरवडला. खालचं प्लास्टिक पापडासारखं मोडून हातात आलं. ज्याचं कौतुक केलं त्यानेच गळा कापला होता. रोज काढलेलं नायट्रेट ते रोज स्वतःच्या हाताने त्याच बोअरच्या पोटात परत घालत होते.

त्यांनी पाणीखात्यातल्या साहेबांना फोन लावला.

"अस्तर पुढच्या वर्षी बघू," साहेब म्हणाले. "बंद ठेवता का तोवर? तसं लेखी द्या."

"बंद ठेवलं तर लोक एकशे चाळीसचं पितील."

"मग चालू ठेवा."

साहेबांचं काय चुकलं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीत पाणी तेच. धुवण लांब नेऊन टाकावं म्हणून त्यांनी ढकलगाडीवर दोन पिंपं भरून पाहिली. एका धुण्याची चाळीस पिंपं होतात. कमरेने दुसऱ्याच फेरीत नाही म्हटलं. आणि टाकणार कुठे? लांबची जमीनही कुणाच्या तरी बोअरवरचीच.

परत आले तेव्हा लेक सावलीत बसली होती. नात खांद्यावर झोपली होती. तिचे ओठ गुलाबी होते. मीठवाल्यांनी ते दोनदा पाहिले.

"आजचा आकडा किती, बाबा?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे चालेल ना?"

"आज चालेल."

तिने कॅन भरला. नळ बंद करताना तिने एकदा बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती निघाली. तिला सांगायला हवं होतं. सांगून ती काय करणार होती?

मणी धुवायची वेळ झाली होती. आज धुतले नाहीत, तर उद्या तिच्या कॅनमध्ये एकशे चाळीसचं पाणी जाणार. धुतले, तर तेच सगळं खड्ड्यातून खाली.

मीठवाल्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं, शिवण उसवली आणि मीठ मणी धुवायच्या पाण्यात ओतलं.