सामाईक भिंत

“एकशे चौदा,” आनंदा रणपिसे स्वतःशीच म्हणाला आणि काचेचं माप उपडं केलं.

सकाळचे आठ वाजले होते. पौडच्या त्या सरकारी उपकार्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला होता, आणि रोज आठाच्या ठोक्याला त्यातलं पाणी मोजून वहीत लिहायचं हे आनंदाचं काम. हुद्दा शिपायाचा, पण अकरा वर्षांत त्याचा एक दिवस चुकला नव्हता. मुळशीच्या पावसात अकरा वर्षं उभं राहिलेला माणूस पाण्याबद्दल अंदाजाने बोलत नाही. तोही बोलत नसे.

आकडा लिहायला तो आत आला, तर वहीवर एक टंकलिखित कागद ठेवलेला. मोठे कारकून हैबतराव टेबलामागे चष्मा पुसत बसले होते.

“वाच,” ते म्हणाले.

‘आपल्या निवासस्थानातील मत्स्यपात्रामुळे सामाईक भिंतीस ओल येऊन शेजाऱ्यांस उपद्रव होत असल्याची तक्रार प्राप्त झाली आहे. सदर पात्र आठ दिवसांत हलवावे.’ खाली सही हैबतरावांची.

“रावसाहेब, शेजारी तर तुमीच हाय.”

“तक्रार घरातनं हाय. आमच्या मंडळीची. सही मला करावी लागती.”

“मंजी तक्रार वैनींची आन हुकूम तुमचा.”

“आनंदा, शब्दाला शब्द वाढवू नको. माशांची टाकी हाय, काय पोटचं पोर न्हाई.”

हैबतराव बोलून गेले आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. आनंदाने कागदाची चौघडी केली, खिशात घातली आणि वहीत एकशे चौदा लिहिलं.

टाकी घरात आली त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याआधी दोन वर्षं आनंदा आणि त्याची बायको गंगूबाई पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे खेपा घालत होती. तिथे बाकासमोर मोठी काचेची टाकी होती. नंबर येईपर्यंत गंगूबाई तिच्यासमोर बसून राहायची. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगायचं ते सांगितलं. परतताना गाडी पिरंगुटला आली. तेव्हा गंगूबाई म्हणाली, “त्ये काळं मासं लई शांत हुतं, नाय?”

दुसऱ्या महिन्यात आनंदाने बाजारातल्या नसीर वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली. काचा पुण्याहून आणल्या, लांबी लावून बसवल्या. तीनदा गळली, चौथ्यांदा टिकली. नऊ मासे आणले, चार शेवाळी झाडं आणली. वरती बल्ब. गंगूबाईने प्रत्येक माशाला नाव ठेवलं आणि ती नावं नवऱ्यालासुद्धा सांगितली नाहीत.

त्या दुपारी तिने कागद ऐकून घेतला आणि तवा उतरवला.

“देऊन टाका नसीरभाईला,” ती म्हणाली. “खरं सांगू? मलाबी ओलीचा तरास हाय. काड्या पेटत न्हाईत. मिठाचं पाणी झालंय. ट्रंकंतल्या लुगड्यांना बुरशी आलीया. खिडकीवरनं थेंब गळत्यात ते काय पावसाचं हायेत?”

आनंदाने भिंतीवर तळहात टेकवला. भिंत थंड आणि ओशट होती. हात काढला तर पंजाचा ठसा उमटला. बायको खोटं बोलत नव्हती.

पण ओल दिसली म्हणजे ती कुठून आली हे कळलं असं त्याच्या लेखी नव्हतं. त्याने टाकीच्या काचेला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. चार दिवसांत पाणी बोटभर खाली गेलं. टाकी गळत नव्हती. खाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे ते बोटभर पाणी हवेत गेलं होतं. बल्बने कोमट झालेलं पाणी, वर उघडी टाकी, बाहेर थंडगार पाऊस आणि दारंखिडक्या बंद. वाफ जाणार कुठे? सगळ्यात गार जे असेल त्यावर जाऊन बसणार. काचेवर, दगडी भिंतीवर, ट्रंकेच्या पत्र्यावर.

“आपली चूक हाय,” तो गंगूबाईला म्हणाला. “आपली हाय तेवढी आपुन निस्तरू.”

नसीरने टाकीच्या मापाचं काचेचं झाकण कापून दिलं, हवेच्या नळीपुरता एक कोपरा छाटून. आता वाफ झाकणालाच लागायची आणि थेंब पुन्हा टाकीत पडायचे. आनंदाने टाकी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. बल्ब रात्रंदिवस जळायचा तो संध्याकाळचे तीन तासच लावायचा ठरवलं. ओली धुणी घरातल्या दोरीवरून ओसरीत गेली. ट्रंकेत ओल शोषायला वाडग्यात कळीचा चुना ठेवला. आणि दिवसातून दोनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायला सुरुवात केली.

“भायेर धो धो पडतोय आन खिडक्या उघडताय!” गंगूबाई ओरडली.

“आतली हवा भायेरच्यापेक्षा दमट झालीया. जाऊ दे तिला.”

आठवड्याने त्याने भिंतीवर वर्तमानपत्राचा कागद खळीने चिकटवला. दोन दिवसांनी तो कागद कडेने सुटून कुरकुरीत वाजला. गंगूबाईची काडी पहिल्या ओढीला पेटली. पेन्सिलीची रेघ आणि पाणी यांच्यात केसाएवढं अंतर.

तोवर आठ दिवस उलटून गेले होते. आनंदा शेजारच्या ओसरीत जाऊन उभा राहिला. रंभाबाई, हैबतरावांची बायको, तांदूळ निवडत होती.

“वैनी, आमची बाजू कोरडी झाली. हात लावून बगा पायजे तर. तुमच्या हिकडं अजून ओल हाय का?”

“हाय की. वाढलीया. देव्हाऱ्यामागचा गिलावा फुगलाय.”

“मग त्ये पाणी आमचं न्हाई. मला भिंत बगू द्या, कुटनं येतंय ते सांगतो.”

रंभाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती रागीट बाई नव्हती. गंगूबाईला ताप आला होता तेव्हा तिने काढ्याचा पाला दिला होता, कुंपणावरून.

“तुमी आत नका येऊ,” ती म्हणाली. “आन कोरडी झाली म्हून काय झालं? टाकीभर पाणी हाय तितं. माज्या देवाच्या पाठीला तुमचं पाणी भिडलेलं हाय, ही गोष्ट मला झोप लागू देत न्हाई. दुसऱ्या कुनाचं असतं तर मी बोलले नसते.”

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. आनंदा म्हणाला, “आता समजलं,” आणि ओसरीची पायरी उतरला.

गंगूबाईने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. टाकीसमोर ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

“नसीरभाईला देऊ म्हनाली हुतीस,” आनंदा म्हणाला.

“तवा ओलीचं कारन हुतं. ओलीसाठी मी दिली असती.” तिचा आवाज चढला, पलीकडे जावा असाच चढला. “आता न्हाई द्यायची. आता भिंत पडली तरी टाकी हितंच ऱ्हाईल!”

आनंदाने फळीवरची बाटली काढली. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात त्यावरचं औषध होतं ते. चार थेंब पुरतात. त्याने झाकण सरकवलं आणि अर्धी बाटली ओतली. पाण्यात शाईसारखे लोट उतरले, एकमेकांत मिसळले, आणि थोड्या वेळात टाकी दौतीसारखी गडद निळी झाली. मासे दिसेनासे झाले.

“मरतील की वो,” गंगूबाई हळूच म्हणाली.

“काय मरतील. काय ऱ्हातील.”

तिने झाकण पुन्हा सरकवून लावलं. “ऱ्हाऊ द्या तसंच,” म्हणाली.

संध्याकाळी हैबतराव घरी परतत होते तेव्हा आनंदाने त्यांना आवारातच गाठलं. कार्यालयामागच्या सरकारी चाळीतल्या पाचही बिऱ्हाडांतली माणसं ओसऱ्यांत होती. त्याने आवाज मुद्दाम मोठा ठेवला.

“रावसाहेब, टाकीचं पाणी निळं केलंय. पक्कं निळं, धुतल्यानं जात न्हाई. टाकी पाझरत असंल तर तुमच्या भिंतीवर निळा डाग येनारच. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला हाक मारा. मी सोता पहार घालून टाकी फोडतो. तंवर तुमचा कागद मी मानत न्हाई.”

हैबतरावांनी छत्री मिटली. सगळे बघत होते.

“आन निळंच कशाला रं?”

“माशांचं औषध निळंच असतंय, रावसाहेब.”

कोणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

पुढचे सतरा दिवस पाऊस थांबला नाही. गंगूबाई रोज झाकण सरकवून खाद्य टाकायची. मासे दिसत नसत. कण खाली जाताना कुठे पाणी हललं तर तेवढंच. मेलेले मात्र वर यायचे. पहिल्या आठवड्यात चार आले. झाडं काळी पडून सडली, ती आनंदाने चिमट्याने काढली. सहाव्या माशाला तिने पदराच्या टोकाने उचललं, परसात तुळशीपाशी नाही, पेरूच्या झाडाखाली पुरलं, आणि हात धुवून भाकऱ्यांना बसली. टाकीचं पाणी बदलावं असं ती एकदाही म्हणाली नाही.

रंभाबाईची भिंत ओली होत राहिली. गिलाव्याचे पोपडे पडले. डाग आले ते पिवळे आले, तांबूस आले. निळा एकही नाही.

शेवटी ऑगस्टच्या मध्यावर उघडीप पडली तेव्हा खात्याचे ओव्हरसियर शिडी घेऊन आले. हैबतरावांनीच बोलावलं होतं; घरात बोलणी बसत होती. ओव्हरसियर कौलांवर चढले आणि दहा मिनिटांत वरूनच हैबतरावांना ओरडून म्हणाले, “अहो, पन्हळ फुटलीय इथे! सगळं पाणी भिंतीच्या पोटात चाललंय. दगडाचा उतार तुमच्या बाजूला आहे. कितीतरी वर्षांचं दुखणं आहे हे.”

रंभाबाई खाली उभी होती. ती वर बघत राहिली, मग आत गेली.

दोन दिवसांत नवी पन्हळ बसली. तिसऱ्या दिवशी हैबतरावांनी आनंदाला टेबलापाशी बोलावलं आणि एक कागद पुढे केला.

“सही कर हितं. मिटलं.”

आनंदाने वाचलं. ‘उभयपक्षी सामंजस्य होऊन तक्रार आपसात मिटली आहे.’

“ह्ये खोटं हाय.”

“काय खोटं हाय त्यात?”

“सामंजस्य कुटं झालं? मी काय वैनींसंगं भांडलो न्हवतो. टाकीमुळं ओल आली असं तुमी लिवलं हुतं. टाकीमुळं तुमच्या बाजूला ओल आली न्हवती, असं लिवा.”

“अरे, अर्थ तोच की.”

“अर्थ तोच असंल तर लिवायला काय हरकत हाय?”

हैबतराव लाल झाले. “तू शिपाई हायेस, आनंदा. मी सांगतोय, सही कर.”

“न्हाई करत. फाईल उघडी ऱ्हाऊ द्या. महिनाअखेरीला पुन्याच्या हापिसातनं इचारत्याल, तवा मीच सांगतो काय ते. पाऊस मी रोज मोजून लिवतो. शंभर पडला तर नव्वद लिवत न्हाई, कुनाला बरं वाटावं म्हून. माज्या नावानं एक खोटा कागद निगालाय. खरा निगाल्याबिगर मी हालत न्हाई.”

आणि तो खरोखरच हलला नाही. टेबलासमोर उभा राहिला. जेवणाची सुट्टी झाली, माणसं उठली, परत आली. हैबतरावांनी दोन फाईली बघितल्या, विड्याचं पान लावलं, न खाता टाकून दिलं. साडेचारला त्यांनी टंकलेखन यंत्र जवळ ओढलं.

‘तपासणीअंती भिंतीतील ओल छपराच्या पन्हळीमुळे असल्याचे निष्पन्न झाले. श्री. आनंदा भिकाजी रणपिसे यांच्या निवासस्थानातील मत्स्यपात्रामुळे शेजारच्या बाजूस ओल आलेली नव्हती. पूर्वीचा आदेश रद्द.’

आनंदाने दोनदा वाचलं. भिकाजी हे बापाचं नावही बरोबर होतं. त्याने सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

घरी जाऊन दोघांनी निळं पाणी उपसलं. तळाशी तीन मासे निघाले.

आदेश रद्द झाला, पण माणसाचा राग रद्द होत नाही. पुढच्या जूनमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आत, आनंदाची बदली शिरूरच्या बाजूला झाली. कारण ‘प्रशासकीय’. मुळशीच्या एका आठवड्याएवढा पाऊस वर्षभरात पडणाऱ्या गावी मुळशीचा पाऊस मोजणारा माणूस. नसीर म्हणाला, “अर्ज कर, रद्द होईल. मी येतो संगं पुन्याला.” आनंदा म्हणाला, “जायला मी भीत न्हाई. आन ऱ्हायला मिळावं म्हून हात जोडायचं न्हाईत.”

नव्या ठिकाणी घर कसलं मिळेल हे माहीत नव्हतं. टाकी गोधडीत गुंडाळून गाडीच्या टपावर चढवली. नसीरने स्वतः वर जाऊन दोरी आवळली. मासे गंगूबाईच्या मांडीवर तांब्याच्या कळशीत होते, तोंडाला ओलं फडकं.

गाडीला गर्दी होती. भुकूमला एक म्हातारी चढली, साळूबाई म्हणून कोणी हाक मारली तिला. ती गंगूबाईच्या शेजारी टेकली आणि कळशीकडे बघून म्हणाली, “काय नेतीस गं बाय एवढं जपून? दूध हाय का?”

“न्हाई, मावशी. पाणी हाय.”

“पाणी? कुटलं?”

“आमच्या घरचं,” गंगूबाई म्हणाली. आजूबाजूच्या चारजणांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

बावधनच्या उतारावर गाडी एकदम कलली. तिने कळशी पोटाशी धरली. फडक्याखालून थोडं पाणी उसळून तिच्या लुगड्यावर सांडलं. आनंदाने खिशातला रुमाल पुढे केला. तिने मान हलवली, आणि ओलं लुगडं तसंच मांडीवर ठेवून ती समोर बघत बसली.