बियाण्याला ठेवलेला

हॉस्टेलची पोरं त्याला 'बियाणं' म्हणायची. म्हणजे लवूच पहिला असं नाही. दरवर्षी कुणीतरी एक असायचाच. शेवटच्या वर्षाचा, कबड्डीत तयार. त्याने एक पेपर मुद्दाम सोडायचा, नापास व्हायचं आणि रिपीटर म्हणून अजून एक सीझन कॉलेजकडून खेळायचं. भात झोडलं की पुढच्या पेरणीला थोडं बाजूला ठेवतात ना, तसं.

रीत कधीची, कुणालाच माहीत नव्हतं. जिमखान्याच्या भिंतीवर पार धोतर-टोपीतल्या प्राध्यापकांच्या काळापासून टीमचे फोटो होते. खेळाचे आत्माराम सर बोट दाखवून सांगायचे, "हा बियाणं. हा पण. मधे ढाल घेऊन बसलेला दिसला की समजायचं."

मधे ढाल घेऊन बसायचं. लवूला दुसरं काही नको होतं.

त्याच्या बापाला मात्र हवं होतं. भागोजी मुंबईत फोर्टला एका ऑफिसात शिपाई. घर देवरूखच्या वरच्या अंगाला, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेला लवू पहिलाच. शेठने भागोजीला शब्द दिलेला, जूनमध्ये पोराचा निकाल आण, क्लार्क म्हणून बसवतो. आयुष्यभर चहाचे कप उचलून भागोजीने कमावलेलं ते एवढंच.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये सरांनी लवूला जिमखान्यात बोलावलं.

"कॉस्टिंगचा पेपर कसा आहे रे तुझा?"

"निघेल सर."

"निघायला नको." सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. "कप्तान तू. पुढच्या एप्रिलला काढ की पेपर. नोकरी काय पळून जाते?"

लवू हसला. त्याला वाटलं, शेठ थांबेल. एवढी वर्षं बाप त्याच्याकडे आहे, वर्षभर थांबायला काय जातंय?

पेपरला पहिला अर्धा तास बाहेर सोडत नाहीत. लवू बसून राहिला. पहिलं गणित त्याला येत होतं. दुसरं तर आदल्या दिवशीच सोडवलेलं. हात शिवशिवायला लागले तसे त्याने ते मांडीखाली घातले. घंटा झाली आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन तो बाहेर आला. पेपर संपल्यावर रूममेट गुरुप्रसाद आला.

"येड्या, सोपा होता रे."

"बघितला मी."

"आता आम्ही गेल्यावर एकटाच कुजत बस इथे. कप्तान म्हणे."

जूनमध्ये त्याने एसटीडी बूथवरून बापाला खरं ते सांगितलं. मीटर पळत होता.

"मुद्दाम सोडलास?"

"कप्तान केलंय मला, बाबा."

"कॉलेजचा कप्तान?"

"हो."

"बरं," भागोजी म्हणाला. "शेठला सांगून बघतो."

आणि मुंबईत गाववाल्यांबरोबर राहायचा त्या गावकीच्या खोलीवर त्याने सगळ्यांना सांगितलंही. पोरगा कप्तान झालाय.

जुलैत लवू परत आला तर जिमखान्यात सुतार. प्लायवूडची पार्टिशनं चालली होती. कॉम्प्युटरचा नवा कोर्स आलेला, त्याला हॉल लागत होता. मागच्या मैदानात नव्या इमारतीचे चिरे रचून ठेवलेले, मधे गुडघाभर गवत. कबड्डीची टीम यंदा पाठवायची नाही असं वरून ठरलं होतं. कुणी आवाज केला नाही. पोरांना कॉम्प्युटर हवाच होता.

सर फोटो उतरवत होते. लवू मदतीला गेला. एकेक फ्रेम भिंतीवरून निघाली की मागे ओलीचा काळा चौकोन. दोघं त्या फ्रेमा उचलून जिन्याखालच्या खोलीत नेऊन टाकत होते. तिथे मोडकी बाकं होती.

"भांडलो मी," सर म्हणाले.

"हो सर."

"म्हटलं, एक पोरगा थांबलाय आपल्यासाठी. तर प्राचार्य म्हणतात, त्याला थांबायला कुणी सांगितलं?"

लवूने हातातली फ्रेम खाली ठेवली. "मग तुम्ही काय बोललात?"

सर रुमालाने एका फोटोची काच पुसत राहिले. पुसून झालेलीच पुसत राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

लवूने पुढची फ्रेम उचलली. जड होती. रागवावं असं त्याला वाटत होतं, पण सरांची मान इतकी खाली गेली होती की कुणावर रागवायचं तेच कळेना.

बापाला सांगायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू करत गणपती आले नि गेले. बापाला यंदा रजाच मिळाली नव्हती. शेवटी लवू बूथवर गेला. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं.

भागोजीनेच आधी सुरुवात केली. "शेठनी दुसरा पोरगा घेतलान रे. भाच्याचा कोन दोस्त."

"कधी?"

"झाले आठ दिस. टेबल पन तोच दिलान, खिडकीजवलचा. मीच पुसतो त्याचा." भागोजी खोकला. "जाऊ दे. तुझी मॅच कदी हाय ता सांग. रजा आदी टाकावी लागते. खोलीवरचे चौघं पन येतायत बघायला. मी म्हटला, चला, माझा पोरगा कप्तान हाय."

लवूने तोंड उघडलं. बूथच्या काचेबाहेर एक बाई पोराला कडेवर घेऊन नंबर लावून उभी होती.

"हॅलो? लवू?"

"डिसेंबरात आहे," लवू म्हणाला. "रविवार आहे, बाबा. सोमवारची एकाच दिवसाची रजा टाका."