दोरावरची शेवंता

रंभाबाईला सवत आली ती चार पायांची.

सोलापुरात रिक्षा वाढल्या, टांग्याला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, टांगा घोड्यासकट विकून टाकला आणि अक्कलकोटच्या बाजारातून लग्नाच्या मिरवणुकीसाठी पांढरी घोडी आणली. इथपर्यंत ठीक होतं. पोटापाण्याचा प्रश्न होता, रंभाबाई काही बोलली नाही. पण त्यानं तिचं नाव ठेवलं शेवंता! आता घोडीचं नाव काय असतं? बिजली असतं, राणी असतं. शेवंता हे बाईचं नाव. आणि कुठल्या बाईचं, ते विचारायचीही सोय नाही.

ही शेवंता दिसायला चांगली होती, पण वळण म्हणून नव्हतं अंगाला. म्होरकीला दोर लावून चालवायला घेतली की माणसालाच ओढत न्यायची. मधेच डोक्यानं ढुशी देऊन गटाराकडं ढकलायची. एकदा जोतीरामच्या पायावर अख्खा खूर ठेवून उभी राहिली. त्यावर हा शहाणा काय म्हणाला? "लागलं न्हाय न्हवं तुला?" घोडीला! रंभाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती, तिनं सूप आपटलं. गेल्या उन्हाळ्यात तिचा पाय मुरगळला तेव्हा हाच बाबा म्हणाला होता, "बघून चालता येत न्हाय व्हय?"

रोज सकाळी गिरणीचा भोंगा झाला की घोडीची शाळा भरायची. जोतीराम जोडभावी पेठेमागच्या गल्लीत तिला खाली-वर फिरवायचा. दोर ढिला ठेवायचा. ओढलं की जनावर उलट ओढतं, म्हणायचा. घोडी पुढं पळायला लागली की हा मुकाट्यानं माघारी वळायचा, मग तिलाही वळावं लागायचं. अंगावर आली तर छातीला बोटं टेकवून एक पाऊल मागं सारायचा. शिवी नाही, चाबूक नाही. तो थांबला की तिनं थांबायचं, तो निघाला की निघायचं, बस्स. आणि तोंडानं सारखं चालू, "ये बाई, सावकाश. घाई न्हाय आपल्याला. दमलीस व्हय?"

रंभाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आलं होतं ते "ए, भाकर वाढ." दमलीस व्हय म्हणे! चहातला गूळसुद्धा शेवंताच्या पोटात जायला लागला.

मग तिनं एक युक्ती काढली. जोडी दारावरून चालली की आतून हाक मारायची, "आवो!"

जोतीराम थांबायचा. घोडीही थांबायची. "काय गं?"

"काय न्हाय. जावा."

की दोघं निघायची. पुढच्या फेरीला पुन्हा "आवो!" पुन्हा "काय न्हाय, जावा." तेवढाच शेवंताच्या लाडात मिठाचा खडा. पण कसलं काय! जोतीराम वैतागायच्या ऐवजी खूशच होऊ लागला. "बघितलंस? मी थांबलो की कशी थांबतीया! गुणाची बाई माझी ती," असं म्हणून तो घोडीच्या तोंडात गूळ घालायचा. रंभाबाई चुलीशी जाऊन धुरात डोळे पुसायची. जळत होती ती, उगीच लपवायचं कशाला?

पहिलं काम मिळालं ते कापडवाल्या सिद्धलिंगप्पांच्या मुलाच्या लग्नाचं. मोठं घर, सगळ्या पेठेची नजर. आदल्या दिवशी जोतीराम म्हणाला, "ह्या मिरवणुकीत हिनं माझी अब्रू घालवली, तर पुढच्या बाजारी इकून टाकतो. मग गिरनीत हमाली करीन."

रंभाबाईनं मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला नारळ बोलला. कशासाठी, ते सांगायला नको.

नवरदेव घोडीवर बसला, बँड वाजायला लागला, आणि शेवंता अशी चालली की रंभाबाईचा जीव खट्टू झाला. मान वाकवून, जोतीरामच्या खांद्याला खांदा लावून, दोर ढिला. बायकांच्या घोळक्यात रंभाबाई मागून चालत होती आणि तिला आपला नारळ फुकट गेलेला दिसत होता. नवरदेवाकडची माणसं कानडी. बायका नवऱ्यांना हाका मारत होत्या त्या "री, री" करून. घोडीच्या कानावरची माशीही हलत नव्हती.

मंडपाजवळच्या चौकात नवरीकडची माणसं सामोरी आली. ती माढ्याकडची, मराठी. आणि त्यांच्यातल्या एका जाड्या बाईनं नवऱ्याला हाक दिली, "आवो! नारळ कुटं ठेवलाय?"

शेवंता थांबली.

जोतीराम दोन पावलं पुढं गेला आणि दोराला हिसका बसला. त्यानं चुचकारलं. घोडी निघतेय न निघतेय तोच दुसरीकडून कुणीतरी ओरडली, "आवो, तितं काय करताय? हितं या की!" घोडी पुन्हा जागच्या जागी. आता लग्नात बायका नवऱ्याला हाका मारणार नाहीत तर काय करतील? चहूकडून आवो, आवो. शेवंता खांबासारखी उभी. नवरदेवाचा फेटा डोळ्यावर आलेला, बँडवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतायत, पोरं हसतायत. सिद्धलिंगप्पा ओरडले, "काढा ती घोडी! चालत नेऊ पोराला!"

रंभाबाईला सगळं लख्ख कळलं. घोडी जोतीरामच्या पायांकडं बघून नव्हतीच थांबत. ती रंभाबाईच्या हाकेला थांबत होती, आणि "जावा" ऐकल्याशिवाय हलायची नाही. जगात एवढं कळलेलं माणूस एकच. तिनं फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. पुढच्या बाजारी सवत घराबाहेर.

तिनं तोंड मिटलं. जोतीराम दोर ओढायला लागला होता, दोन्ही हातांनी, जे कधी करू नये म्हणायचा तेच. त्याचा चेहरा पार उतरला होता. माझ्यासाठी कधी असा चेहरा केला होतास काय रे, असं तिच्या मनात आलं आणि ती आणखीनच पेटली.

तेवढ्यात शेजारची रत्नम्मा तोंडाला पदर लावून खिदळली, "टांगेवालाच तो! त्याला मिरवणुकीचं घोडं कशाचं कळतंय?"

झालं! नवऱ्याला काय म्हणायचं ते रंभाबाई म्हणेल. रत्नम्मा कोण लागून गेली? तिनं रत्नम्माला कोपरानं बाजूला सारलं, पदर खोचला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "काय न्हाय! जावा!"

शेवंता निघाली. थेट मंडपाच्या दारापर्यंत गेली, आणि वाटेत कुणी "आवो" केलं की मागून रंभाबाईचं "काय न्हाय, जावा" होतंच.

नारळ-विडा घेऊन घोडीसकट दोघं घरी निघाली. पेठ मागं पडल्यावर जोतीराम म्हणाला, "रोज हाक मारायचीस. रोज काय न्हाय म्हनायचीस. खरंच काय नसायचं?"

"असायचं की. लई असायचं."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुमी तिच्या तोंडाशी हुबं असायचा," रंभाबाई म्हणाली. "मला तुमची पाठ दिसायची. पाठीला काय सांगू?"

जोतीराम थांबला. त्यानं दोर रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाला बांधला, हात झटकले, आणि तिच्याकडं तोंड करून उभा राहिला.

"सांग," म्हणाला.

एवढी तोंडाळ बाई, पण भर रस्त्यात ती रडायला लागली. आणि जोतीराम तिच्यासमोर तसाच थांबून राहिला.