पाठमोरी, चाळीस शब्दांत

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी सांगितलं की नव्या पुस्तकात एक आशियाई ढंगाची कलावंत हवी. कंपनी जादूचे आणि राक्षसांचे खेळ छापायची. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, फासे टाकतो आणि तीन तास आपण कुठल्या कचेरीत नोकरी करतो ते विसरतो, असे खेळ. पात्रांच्या प्रकारांना सगळे क्लास म्हणत. योद्धा होता, मांत्रिक होता, चोर होता, लोहारसुद्धा होता. नाचणारं-गाणारं कुणी नव्हतं, आणि समोरच्या कंपनीने गेल्या वर्षी तशी दोन काढली होती.

आशिया म्हणजे त्यातला नेमका कुठला, असं नियमकाराने विचारलं.

"सगळा," साहेब म्हणाले. "चित्राचा खर्च एकदाच करायचाय."

नियमकार म्हणजे कंपनीत बावीस वर्षं खेळांचे नियम लिहिणारा माणूस. कंपनीचा एक दंडक होता. कुठलीही शक्ती असो, ती एका कार्डावर चाळीस शब्दांत बसली पाहिजे. चाळीस शब्दांत बसत नाही ते कुणी वाचत नाही, असं साहेबांचं मत, आणि ते चुकीचं होतं असं म्हणायला जागा नाही. नियमकाराने आजवर आगीचा पाऊस बसवला होता, महामारी बसवली होती, एकदा तर पुनर्जन्म बसवला होता, तोही एक शब्द शिल्लक ठेवून.

या बैठकीत मात्र त्याने वहीत 'कलावंत' हा शब्द दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. त्याची आई सव्वीस वर्षं फिरत्या नाटक कंपनीत होती. हे ऑफिसात कुणाच्या कानावर नव्हतं. चौथीत असताना शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यापुढे त्याने स्वतःच्या हाताने 'शिवणकाम' लिहिलं होतं, आणि एकदा लिहिलेला नियम तो सहसा बदलत नसे. लग्न ठरतानाही शिवणकामच सांगितलं. बायकोने नव्या घराचे पडदे मोठ्या विश्वासाने सासूकडे शिवायला दिले. आईने ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून मुकाट्याने शिवून आणले आणि वर, टाके जरा वाकडे आलेत गं, अशी माफीही मागितली. बायकोला खरं कळेपर्यंत पडदे विटले होते.

नाटकवाल्यांत आईला 'पाठमोरी' म्हणत. तिचं काम एकच होतं, पण ते दुसऱ्या कुणाला साधलं नाही. नाटकात कुणी गेल्याची बातमी आली की ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहायची. गाणं नाही, रडणं नाही, हात सरळ खाली. नुसती पाठ. आणि तीनशे माणसांचं खोकणं थांबायचं. जाहिरातीत तिचं नाव कधी आलं नाही, 'पाठमोरी येत आहे' एवढंच यायचं. चेहरा कुणी पाहिलेला नसल्यामुळे बाजारात तिला कुणी ओळखत नसे, आणि लहानपणी मुलाला याचा केवढा आधार वाटायचा.

त्या संध्याकाळी तो वही घेऊन आईच्या खोलीत गेला. आई बहात्तरची होती. गुडघे गेले होते, पाठ अजून ताठ होती. नाटक कंपनी बुडाल्यालाही पंचवीस वर्षं झाली होती. तू तिथे उभी राहून नेमकं करायचीस काय, असं मुलाने जन्मात पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग सांगायला लागली, आणि दोन तास थांबली नाही. वजन कुठल्या पायावर घ्यायचं. श्वास खांद्यात दिसू द्यायचा नाही, कमरेत दिसू द्यायचा. मान किती खाली गेली की लोकांना आपलं माणूस आठवतं आणि किती गेली की नुसती बाई दिसते. त्याने विचारलं, किती सेकंद उभी राहायचीस?

"कधी दहा, कधी शंभर. लोकांच्या घरात किती गेलेत त्यावर."

"ते तुला कसं कळायचं?"

"पाठीला कळतं."

त्याने वहीत लिहिलं: कालावधी, तीन फेऱ्या.

"आणि मागे वळून बघायचं नाही," आई म्हणाली. "लोक बसलेत की उठून गेलेत, हे ठाऊक नसताना उभं राहायचं. बघितलंस की संपलं. बाकी सगळं शिकवता येतं, हे एक नाही येत."

तो वही मिटून उठला तेव्हा तिने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की पुस्तकात नाव घालतात का. पाठमोरी नव्हे. खरं नाव. तो म्हणाला, घालतात, शेवटी आभाराचं पान असतं. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला ही गोष्ट तिने दोनदा सांगितली, हे त्याला बायकोकडून कळलं.

नियम अडतीस शब्दांत बसला. कलावंत झालेल्या खेळाडूने खुर्ची फिरवून टेबलाकडे पाठ करायची, बोलायचं नाही. तीन फेऱ्या कुठल्याही शत्रूला हात उचलता येणार नाही. खेळाडूने वळून पाहिलं तर शक्ती संपली. फासा नाही. बावीस वर्षांत फासा नसलेली ही त्याची पहिलीच शक्ती.

पुढच्या मंगळवारी चाचणी झाली. चाचणीला बाहेरची पाच माणसं यायची, खेळायची, फॉर्म भरायची आणि फुकटची बिस्किटं संपवून जायची. त्यातल्या एका बाईंनी, एरवी त्या दातांच्या दवाखान्यात कामाला होत्या, कलावंताचं कार्ड घेतलं. लढाई पेटली तशी त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. पहिल्या फेरीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. दुसऱ्या फेरीत फासा ज्याच्या हातात होता त्याच्या हातातच राहिला. तिसरी फेरी किती वेळ चालली ते कुणी मोजलं नाही, मोजायचं काम नियमकाराचंच होतं. बाई वळल्या, पर्स उचलली, भावाला फोन करायचाय म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाकीचे चौघेही नीट निरोप न घेता पांगले. बिस्किटं शिल्लक राहिली.

फॉर्मवर प्रश्न होता, 'मजा आली का? एक ते पाच.' पाचही जणांनी ती जागा रिकामी सोडली होती. कंपनीचा संगणक रिकाम्या जागेला शून्य धरतो. कलावंताला शून्य गुण मिळाले. बेडकाच्या क्लासलासुद्धा दोन मिळाले होते.

साहेब रागावले नाहीत, ते कधीच रागावत नसत, ते सुधारत. माणसं पैसे मोजून भिंतीकडे तोंड करून बसणार नाहीत, ते काम त्यांना घरी फुकट करता येतं, हा त्यांचा मुद्दा. मग सुधारणा आल्या. चित्रकारीण म्हणाली, हातात काहीतरी पाहिजे, म्हणून दोन पंखे आले. पंख्यांनी मारता आलं पाहिजे म्हणून त्यांना पाती आली. मागे चंद्र, खाली धुकं, डोक्यावर कागदी छत्री, आणि जागा उरली होती म्हणून एक बगळा. पाठ तरी राहू द्या, असं नियमकार म्हणाला. साहेब म्हणाले, राहू दे की, पण उघडी हवी, आणि मान वळवून हसताना हवी. विक्री विभागाने नाव ठेवलं 'चंद्रपंखी'. शक्ती अशी झाली की पंखे फिरवायचे, वीस बाजूंचा फासा टाकायचा, पंधराच्या वर आलं की शत्रू मोहित, खाली आलं की कलावंताची फजिती. सतरा शब्द. साहेबांनी पाठ थोपटली. प्रत्येक सुधारणेखाली नियमकाराने सही केली, आणि प्रत्येक सहीच्या वेळी स्वतःची समजूत घातली की आभाराचं पान अजून शिल्लक आहे.

आभाराचं पान वकीलबाईंकडे अडलं. वकीलबाई मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी त्याला बसवून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की कव्हरवर 'आशियाई कलापरंपरेतून प्रेरित' असं छापणार आहोत, तेव्हा आत कुणाचंही नाव येता कामा नये. परंपरेतून घेतलं तर ती प्रेरणा. एका बाईकडून घेतलं तर ती त्या बाईची वस्तू. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "या बाई कोण? तुमच्या नात्यातल्या?"

"नाही," नियमकार म्हणाला. "जुन्या ओळखीच्या. शिवणकाम करतात."

वकीलबाईंनी एक छापील कागद दिला. खाली सही करणाऱ्या व्यक्तीचा या क्लासवर, त्याच्या हालचालींवर, हावभावांवर आणि कल्पनेवर आज वा पुढे कसलाही हक्क राहणार नाही. शिवणकामवाल्या बाईंची सही आणायला त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. आमच्या मालकानेही असाच हाताने लिहून आणला होता, म्हणाली, पण त्यात 'पाठ' असा साधा शब्द होता, तुमचा कागद जास्त शिकलेला दिसतो. नाव कुठल्या पानावर येणार तेवढं तिने विचारलं. या आवृत्तीत जागा नाही, पुढच्या आवृत्तीत नक्की, असं तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. सही करायच्या जागी आपलं पूर्ण नाव सावकाश, सुटं सुटं लिहिलं. छापील कागदावर ते पहिल्यांदाच आलं होतं. तो कागद वकीलबाईंच्या कपाटात गेला.

पुस्तक आलं त्या शनिवारी शहरातल्या मोठ्या खेळांच्या दुकानात कार्यक्रम होता. आई म्हणाली, मी येणार. त्याने तिच्या गुडघ्यांचं कारण काढून पाहिलं, चाललं नाही. दुकानदार पन्नाशीचा, गोल चष्म्याचा, खेळांवर जीव ओवाळून टाकणारा गृहस्थ होता. आलेल्या प्रत्येकाला तो टेबलाशी बसवून स्वतः खेळ शिकवत होता. आजी आल्याचा त्याला मनापासून आनंद झाला. नियमकाराच्या छातीवर 'लेखक' असा बिल्ला होता, त्याने सरबताचा ग्लास हातात धरून आईच्या मागे भिंतीशी जागा घेतली.

आईने चंद्रपंखीचं कार्ड मागून घेतलं. चित्र बराच वेळ पाहिलं. बगळ्यावरून बोट फिरवलं. लढाईत तिची पाळी आली तेव्हा तिने हाताने खुर्ची रेटायला सुरुवात केली, गुडघ्यांमुळे वेळ लागला, आणि ती अर्धी वळते न वळते तोच दुकानदाराने अदबीने तिची खुर्ची धरून पुन्हा सरळ केली.

"आजी, इकडे. खेळ इकडे आहे. फासा टाका."

तिने फासा टाकला. चार आले. पंख्यांची फजिती झाली, टेबलावरची पोरंटोरं हसली. पुढच्या पाळीला सात आले. दुकानदाराला वाईट वाटलं. तो वाकून हळूच म्हणाला, "आजी, मनावर घेऊ नका, पण हा क्लास तुम्हाला जमायचा नाही. यात एक अंगभूत नजाकत लागते. तुम्ही लोहार घ्या, सोपा असतो." मग मान वर करून नियमकाराला म्हणाला, "साहेब, तुम्हीच सांगा ना यांना. तुमच्याबरोबर आल्यात ना?"

आई वळली नाही. तिचे हात टेबलाखाली सरळ गेले. खांदे स्थिर होते. श्वास कुठे दिसत असेल तर कमरेत. मान किंचित खाली गेली, नेमकी तेवढीच. नियमकाराच्या शेजारी उभा असलेला एक माणूस बोलता बोलता मध्येच थांबला, का थांबला ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. नियमकाराने ही पाठ आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांतून पाहिली. दहा सेकंद झाले असतील, किंवा शंभर. सांगायचे तर तीन शब्द होते, ही माझी आई. साहेब दाराशी वकीलबाईंशी बोलत उभे होते.

"हो," तो म्हणाला. "लोहार सोपा आहे."

आईने कार्ड परत केलं आणि लोहार घेतला. पुढच्याच पाळीला एकोणीस आले, हातोड्याने राक्षस आडवा झाला, दुकानदाराने टाळ्या वाजवल्या आणि तिला एक छोटा पितळी हातोडा बक्षीस दिला. ती शेवटपर्यंत खेळली. चांगली खेळली.

घरी आल्यावर दाराशी बसून ती चपला काढत होती. बायकोने विचारलं, कसं झालं? छान झालं, ती म्हणाली. मग पितळी हातोडा पर्समधून काढून मुलाच्या हातात दिला.

"पुढे कधी कुठल्या फॉर्मवर माझं काम लिहायची वेळ आली तर लोहारकाम लिही. शिवणकाम खोटं होतं. हे मी आज केलंय."

नियमकाराने सवयीने शब्द मोजले. चाळिसात आरामात बसत होते.