डफलीची ओळ

गुरुजींनी शेवटची फाइल ओढून 'गायन' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली, खुर्चीत मागे टेकले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ये, बघ! लख्ख केलंय तुझं कपाट."

लेक हात पुसत आली. दोन वर्षांपासून ती या मागच्या खोलीत मुलांसाठी गाणी रचून, स्वतः गाऊन, कॉम्प्युटरवर भरत होती. नोकरी सांभाळून, जमेल तसं. त्यामुळे काही फायली पेनड्राइव्हवर, काही डेस्कटॉपवर, तर काही 'नवीन', 'नवीन नवीन', 'हेच शेवटचं' असल्या नावांच्या फोल्डरांत पडलेल्या. आज संध्याकाळी सगळी गाणी स्टुडिओतल्या मिक्सिंगवाल्याकडे पाठवायची होती. त्यांच्यावर शेवटचा हात तो फिरवणार होता. आवराआवरीचं काम गुरुजींनी मागून घेतलं होतं. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेलेला. पसाऱ्यातून वर्ग उभा करणं हा त्यांचा हातखंडा.

आवरलंही त्यांनी शाळेसारखंच. सगळं गायन एकीकडे, सगळ्या गिटारी एकीकडे, ताल एकीकडे.

लेकीने एक गाणं उघडलं. पडद्यावर ओळीखाली ओळ आली, पण सगळ्या रिकाम्या. वर पाटी झळकली: फाइल सापडत नाही. तिने दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. वाजवून पाहिलं. शुकशुकाट.

"अगं, पुसलं की काय मी?" गुरुजी ताठ झाले.

लेकीने क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज शांत होता.

"नाही बाबा, आवाज आहेत. हे बघा, गाण्याच्या फाइलीत आवाज नसतातच. नुसते पत्ते असतात. अमका आवाज अमक्या ठिकाणी, एवढंच. तुम्ही सगळ्यांची बिऱ्हाडं हलवलीत."

"म्हणजे हजेरीपट इथे आणि पोरं भलत्याच वर्गात."

"अगदी बरोबर."

"मग रागव की. अंगठे धरून उभं कर मला."

"तुमच्या गुडघ्यांना झेपेल ती शिक्षा बोला." ती हसली, पण नजर घड्याळाकडे गेली. "मला ऑफिसात जाऊन यावंच लागेल. संध्याकाळपर्यंत होईल का हो हे?"

"सांडलं मी, भरीनही मीच. फक्त कसं ते सांग."

"प्रत्येक गाण्याचं एक घर करा. त्यात त्या गाण्याची फाइल आणि त्याचेच आवाज. नावांवरून काही कळायचं नाही, सगळी 'ऑडिओ सतरा' नि 'ऑडिओ अठरा'. एकेक ऐकून ओळखावं लागेल." तिने लहान मुलाला टोपी घालावी तसे हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवले. दाराशी जाऊन ती थांबली. "आणि बाबा, डफलीचे राहू द्या वाटल्यास. ते मी बघते आल्यावर."

"का बरं? माझंच पोर वर्गाबाहेर? त्याला तर पहिल्या बाकावर बसवतो."

ती काहीतरी बोलणार होती, पण चपला घालून निघून गेली.

नवीन गाणं सुरू झालं की रविवारी गुरुजी या खोलीत बसून डफली वाजवून देत. बाकीचं लेक सवडीने भरी, आणि पुरं झाल्याशिवाय ऐकवायचं नाही हा तिचा दंडक. गुरुजींना त्याची घाई नव्हती. किराणावाला, औषधवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "लेकीची गाणी येताहेत. ठेका माझा बरं का."

ते कामाला लागले. एक आवाज ऐकायचा, कुठल्या गाण्याचा ते ओळखायचं, त्याच्या घरी पोचवायचा. पहिलं गाणं उघडलं तेव्हा ओळी भरलेल्या दिसल्या आणि गुरुजींनी एकट्यानेच टाळी वाजवली. मग गाणं लावून डोळे मिटले.

गिटार आली, लेकीचा आवाज आला, ठेकाही आला. पण तो कॉम्प्युटरचा, गुळगुळीत. डफली नव्हती. त्यांनी डोळे उघडले. डफलीची ओळ होती जागेवर, मात्र तिच्यासमोरचं कर्ण्याचं छोटं चित्र खोडलेलं होतं. ओळ मुकी केलेली.

चुकून झालं असेल. त्यांनी पुढचं गाणं जुळवलं. तिथेही कर्णा खोडलेला. त्याच्या पुढच्यातही.

गुरुजींनी एका ओळीचा कर्णा उघडला आणि नुसती डफली ऐकली. खुर्चीची करकर. मधेच खाकरणं. कडव्यात उत्साहाच्या भरात ठेका पुढे पळालेला. त्यांनी हळूच कर्णा पुन्हा खोडला. कुणाला कळलंही नसतं, सगळे उघडे ठेवले असते तर. बोट तिथेच जरा वेळ राहिलं, मग उचललं.

त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, पोरं त्याला भोंगा म्हणत. सूर त्याच्या वाटेला कधी गेलाच नाही, आणि गाण्याची हौस तर दांडगी. गुरुजींनी त्याला टेबलाशी उभं केलं होतं. "तू ठेका धर रे. तुझ्याशिवाय कोण धरणार?" मग भोंगा गाणं विसरून वर्षभर टेबल बडवत राहिला, छाती पुढे काढून.

गुरुजी एकटेच हसले. हसू पुरतं उमटलं नाही.

राहिले होते फक्त बाकीच्या गाण्यांतले गायनाचे तुकडे. एक एक ऐकताना ओळींमधल्या शांततेत त्यांच्या कानी काहीतरी आलं. बारीक, दूरवरून आल्यासारखं. त्यांनी आवाज वाढवला. छुन, छुन, छुन. गाताना लेक कानांना हेडफोन लावी. त्यातून निसटून माइकपर्यंत पोचलेली ती डफली होती. ती करकर, ते खाकरणंही. कडव्यात डफली पुढे पळाली, तसा लेकीचा आवाजही बोट धरून पळाला, आणि दोघं धापा टाकत धृपदाशी येऊन थांबली.

दुसऱ्या गाण्यातही तेच. शेवटच्यातही.

गुरुजी बराच वेळ ऐकत बसले. टेबलाशिवाय त्या वर्गाचं गाणं कसं झालं असतं, हे त्यांनी कधी ताडून पाहिलंच नव्हतं.

लेक आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून पडद्यासमोर. सगळी गाणी उघडत होती. तिची नजर डफलीच्या मुक्या ओळीवर जाऊन वडिलांकडे वळली.

"लावली सगळी?"

"सगळी. डफलीसुद्धा. तू ठेवली होतीस तशीच."

तिने पर्स खांद्यावरून उतरवून ठेवली. मग फायली पाठवण्याचं बटण दाबून म्हणाली, "येत्या रविवारी नवीन गाणं घ्यायचंय. बसाल ना? तुमच्याशिवाय ठेका कोण धरणार?"

गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"धरतो की," ते म्हणाले. "फक्त मला स्टूल दे बसायला. ही खुर्ची फार करकरते."