पाकळी खाऊन पाहा

मानवजातीने विषाविरुद्ध पुकारलेल्या युद्धाचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर वसईच्या फेबियन मास्तरांना त्यात एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल. मास्तर गांडुळाला घाबरत, एवढं तळटीपेत घातलं तरी चालेल. सुरवंट दिसला की ते ‘मुलांनो, निरीक्षण करा’ म्हणत आणि स्वतः बांधापलीकडे जाऊन उभे राहत.

तरीही मुंबईच्या एका ट्रस्टने त्यांना अनुदान दिलं होतं. विषारी फवारणी न करता शोभेची फुलं कशी वाढवायची, याचे प्रयोग करायचे आणि ते गावातल्या बागायतदारांना शिकवायचे, असं काम होतं. जागा सासूबाईंची, विहिरीलगतचा गुलाबाचा तुकडा. दुसऱ्या वर्षीचं अनुदान समितीच्या पाहणीनंतर ठरणार होतं. ते मिळालं नाही तर तुकडा बिल्डरला द्यायचा, असं सासूबाईंच्या दिरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. चौऱ्याऐंशी साल होतं, वसईत बिल्डर हाकेच्या अंतरावर मिळायला लागले होते.

अर्ज लिहिताना मास्तरांना जरा जोर चढला होता. ‘आमच्या बागेतलं फूल कोणीही खुशाल खाऊन पाहावं,’ असं त्यांनी लिहिलं होतं. वाक्य जमलं म्हणून त्याखाली रेघही ओढली होती.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी गुलाबांवर मावा आला. कळ्या हिरव्या किड्यांनी लडबडून गेल्या. मास्तरांनी साबणाचं पाणी मारलं. मावा आंघोळ झाल्यासारखा ताजातवाना दिसायला लागला.

“पावणे येणार आणि हे काय रे?” सासूबाई, म्हणजे रेजिनाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “तू राहू दे. मी बघते.”

मास्तरांनी ते बोलणं मनावर घेतलं नाही. सकाळी घेतलं.

सकाळी ते बागेत आले, तर वाफ्याच्या कडेला काचेचा बुधला आडवा पडलेला. रिकामा. त्यावर लाल रंगाने काढलेली कवटी आणि खाली दोन हाडं.

हा बुधला सासऱ्यांच्या वेळचा. सायमनबाबा जाऊन सहा वर्षं झाली, तरी तो माळ्यावर होता तिथेच होता. कवटी सासऱ्यांनी स्वतः रंगवली होती आणि पोरंबाळं त्याच्या आसपास फिरकत नसत. मास्तरांना तो कधीचा टाकून द्यायचा होता. पण विष टाकायचं कुठे? खाडीत ओतलं तर मासे मरणार, पुरलं तर विहिरीत उतरणार. विचार करता करता त्यांनी त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं. त्यांच्या प्रयोगाचा तो भाग अर्जात नव्हता.

मास्तरांनी रुमाल नाकाला घट्ट दाबला. पानं ओली चमकत होती. मावा खाली पडला होता, सगळा, एकजात. झाडं धुवावीत, तर पाणी विहिरीकडे वाहणार. रेजिनाबाई पहाटेच चर्चला गेल्या होत्या, तिथून परस्पर माणिकपूरच्या बाजारात. विचारायला घरात कोणी नव्हतं. बुधला शेणाच्या खड्ड्यामागे लपवून ते वळले, तोच टांग्याची घंटा वाजली. समिती वेळेआधी आली होती.

समिती म्हणजे अध्यक्षबाई आणि फाइल धरणारे चिटणीस. अध्यक्षबाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक होत्या. त्या हसल्याचं ट्रस्टमध्ये कोणाला आठवत नव्हतं.

“मावा नाही तुमच्याकडे?” त्यांनी भिंगातून कळ्या पाहिल्या. “या दिवसांत? आश्चर्य आहे.”

“हो... म्हणजे काल होता,” मास्तर रुमालातून म्हणाले.

“सर्दी झालीय का?”

“झाली असती तर बरं झालं असतं.”

बाई दुसऱ्या झाडाकडे गेल्या. मास्तर मागोमाग. बाईंचा पदर पानाला लागला की ते डोळे मिटून घेत होते. अजून काही बिघडलं नाही, ते स्वतःला समजावत होते. बघतील, लिहितील, जातील. घरी जाऊन हात धुतीलच. शिकलेली माणसं आहेत.

“अर्जात तुमचं एक वाक्य आहे,” बाई म्हणाल्या. “खाली रेघ मारलेलं.”

“ते... ते अलंकारिक होतं, बाई!”

“मला आवडलं.” त्यांनी एक लाल पाकळी खुडली आणि तोंडात टाकली.

मास्तरांना समोर दुसऱ्या वर्षीचं अनुदान दिसलं, बिल्डरच्या विटा दिसल्या आणि बाई दिसल्या. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांनाही ओळखू आला नाही.

“थुंका! थुंका, बाई! विष आहे! फवारलंय! अनुदान नको, आधी थुंका!”

चिटणीसांच्या हातून फाइल वाफ्यात पडली. बाईंनी दचकून गिळली.

मास्तर मटकन खाली बसले. मग उठले, डॉक्टरकडे धावायला निघाले, टांगेवाला जयराम बिडी पेटवत होता त्याला “घोडा जोड!” म्हणून ओरडले. घोडा जोडलेलाच होता. परत आले आणि खड्ड्यामागचा बुधला काढून बाईंसमोर धरला. तो असा हलवला की कवटी मान हलवून हो म्हणतेय असं वाटत होतं.

एवढ्यात रेजिनाबाई भाजीची टोपली घेऊन दारातून आत आल्या.

“आई, तुम्ही हे शिंपडलं?”

“मग? चर्चला जायच्या आधीच, केरसुणीने. फादर पाणी शिंपडतात ना, तसं.”

“विष शिंपडलं!”

“कसलं विष?” रेजिनाबाईंनी टोपली खाली ठेवली. “तुझ्या सासऱ्याची जांभळाची दारू ती. परमिट नाही, वर मी ओरडणार, म्हणून कवटी काढून ठेवायचा बिचारा. आयुष्यभर त्याला वाटलं मला ठाऊक नाही. मीपण वाटू दिलं.” त्यांनी जमिनीवरच्या माव्याकडे पाहिलं. “माझी आय असंच मारायची. किड्याला झेपत नाही.”

टांग्याच्या घोड्याने शेपूट उडवली. मास्तर बाईंचा चेहरा पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मरणाचं वाटत नव्हतं. कानाच्या पाळ्या मात्र गुलाबाच्या रंगावर चालल्या होत्या.

“चिटणीस, लिहा,” शेवटी बाई म्हणाल्या. “मावा, मेलेला. विष, नाही. मास्तर, खरं बोलणारे. दुसरं वर्ष मंजूर.”

“उपाय काय लिहू?”

“लिहा, स्थानिक.”

मास्तरांना रडूच आलं. ते रुमालाने डोळे पुसत होते, तेव्हा बाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं, चिटणीसांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

“मास्तर, तो पलीकडचा पांढरा गुलाब... त्यावरही शिंपडलंय ना? मग एक पाकळी द्या बघू.”