जामखेडच्या कपाटाची साक्ष

मी कपाट बोलतोय. शोरूममधलं नव्हे. जामखेडला गेट-ग्रिल करणाऱ्या कारभारींनी मला लेकीच्या लग्नासाठी स्वतः घडवलं. जाड पत्रा, आत भक्कम लॉकर. "सुकन्याच्या सासरी कुनी नाव ठेवाया नको," म्हणत चार वेळा घासलं.

मंगल कार्यालयाचे दोन लाख दहा हजार ठरले. मालक वाल्मिकशेठ रोखच घ्यायचे. तीन हप्ते, तीन पावत्या. लग्नाच्या सकाळी मला कार्यालयात रुखवतात मांडलं. कारभारींच्या नव्या शर्टाला खिसाच नव्हता, म्हणून पावत्या माझ्या लॉकरमध्ये गेल्या. मोबाईलवर त्यांचा फोटो काढायचं एकालाही सुचलं नाही. याचा मला आजही राग येतो.

नवरी श्रीगोंद्याला गेली. मला टेम्पोत चढवताना वाल्मिकशेठ आडवे आले.

"ऐंशी हजार राहिलेत."

"शेठ, समदं दिलंय. पावत्या हायेत."

"दावा की."

"लॉकरात हायेत. किल्ली लेकीसंगं गेली."

शेठ हसले. "मग पैसं आना, कपाट न्या." आणि मला कार्यालयाच्या खोलीत ढकलून बाहेरून कुलूप ठोकलं.

पोलीस म्हणाले, पैशाचा वाद आहे, कोर्टात जा. सुकन्याची सासू म्हणाली, "बापानं कपाट निस्तं दावाया आनलं हुतं व्हय? घिऊनच ये आता." महिन्याच्या आत सुकन्या माहेरी परतली.

तीच बापाला नगरला वकील पुष्पावतीताईंकडे घेऊन गेली. ताई म्हणाल्या, "आधी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. सामान अडकवलं त्याची पोलिसांत वेगळी लेखी तक्रार. बँकेतून पैसे काढल्याचा उतारा आणा. पण काका, पावत्या कुठे आहेत ते शेठला सांगितलंत?"

"त्याच दिशी सांगून बसलो, ताई," कारभारी म्हणाले.

नोटीस पोचली त्याच दुपारी माझ्या लॉकरवर ग्राइंडर फिरला. शेठनी पावत्या आचाऱ्याच्या भट्टीत टाकल्या, चहा मागवला आणि फोन केला, "कपाट घिऊन जा. आमी काय चोर न्हाई."

घरी आणल्यावर कारभारींनी भोक पाहिलं आणि वेल्डिंगची कांडी उचलली. "तासाभरात बुजवतो. उद्या तुला सासरी पोचवतो."

सुकन्याने हात धरला. "न्हाई अप्पा. बुजवलं तर आपल्याकडं काय उरंल?"

पंचनामा झाला, तक्रार दाखल झाली. मी शेडच्या दारात गंजतोय. तिला न्यायला कुणी आलेलं नाही.

परवाच्या तारखेला शेठचा वकील म्हणाला, "कपाट तक्रारदारानेच कापलं. ग्राइंडर चालवणं हा त्यांचा धंदाच आहे." कारभारी घरी आले आणि न जेवता झोपले.

आयोगातल्या साहेबांनो, मला एकदा तुमच्यापुढे उभं करा. लॉकरवरचा काप बघा, मग माझ्या दाराची कड बघा. ती कारभारींनी कापलीय. आयुष्यात त्यांच्या हातून इतका वाकडा काप पडलेला नाही.